अर्ध्या परक्याची सुनावणी

कवळीताईला सगळे कवळीताई म्हणत, कारण ती कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, तिथे खिडकीला लागून तिचं टेबल. टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, तीन सुऱ्या आणि रंगाप्रमाणे लावून ठेवलेले दातांचे डबे. प्लास्टरच्या जबड्यावर मेण चढवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, जीभ लागते तिथे किती पातळ ठेवायचं आणि ओठ टेकतो तिथे किती जाड, हे बोटांनी चाचपून ठरवायचं. सगळा खेळ बोटांचा, आणि गेली चार वर्षं तिच्या बोटांनीच संप पुकारला होता.

संधिवात. सकाळी उठलं की मूठ मिटायची नाही. पेरं सुजून अशी व्हायची की अंगठी साबण लावून काढावी लागली आणि मग ती डब्यातच राहिली. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच चुकून सांध्यांवर तुटून पडतात, असं सांधेवाल्या डॉक्टरबाईंनी तिला समजावलं होतं. घरच्याच माणसाला चोर समजून झोडपावं, तसं. मूल हवं म्हटल्यावर बाईंनी तिच्या जोरदार गोळ्या वेळेवर बंद करून एक सौम्य गोळी तेवढी ठेवली, आणि दुखणं वाढेल या तयारीनं कवळीताई दातावर दात रोवून बसली.

दिवस राहिले, चौथा महिना लागला. एका सकाळी तोंड धुताना टूथपेस्टचं झाकण लावून झालं आणि तिच्या लक्षात आलं, की ते उघडलंही आपणच होतं. एरवी ते काम नवऱ्याचं. तिनं मूठ मिटली. मिटली! उघडली, पुन्हा मिटली. मग ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि घरात जेवढी म्हणून घट्ट झाकणं होती ती एकामागून एक पिळत सुटली. सासूबाई आल्या तेव्हा ओट्यावर सतरा झाकणं उताणी पडली होती.

“अगं, हे काय मांडलंयस?”

“आई, बघा ना, उघडतायत!”

“उघडतायत ते दिसतंय. सगळं सादळेल की पण!”

आठवडाभरात सूज उतरली, आणि घरात श्रेयाची ओढाताण सुरू झाली. सासूबाईंच्या मते गुण त्यांनी रोज चोळलेल्या तेलाचा. दवाखान्याच्या मालकांच्या मते त्यांनी आणलेल्या नव्या खुर्चीचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं, आपण वर्षभर तिला भांडी घासू दिली नाहीत म्हणून. सासऱ्यांना वाटत होतं, आपण तिला दुखण्याची रोजची नोंद ठेवायला लावली, त्या शिस्तीचा परिणाम. शेवटी एकदाचा निकाल लागू दे म्हणून सगळं घर डॉक्टरबाईंकडे गेलं. मालकांना कुणी बोलावलं नव्हतं, पण तेही आले.

बाईंनी तिची बोटं दाबून पाहिली, रक्ताचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, “तुमच्यापैकी कुणाचंच श्रेय नाही. बाळाचं आहे.”

“बाळ तर अजून वीतभरही नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“नसू दे. असं बघा, शरीर परक्याला ओळखतं आणि हुसकावून लावतं. आता बाळ निम्मं आईचं, निम्मं वडलांचं. आईचं निम्मं तिच्या पेशींच्या ओळखीचं. वडलांकडून आलेलं निम्मं परकं. ते टिकायचं तर या पेशींना आपली वागणूक बदलावी लागते, आवरतं घ्यावं लागतं. त्या आवरतं घेण्यात हिच्या सांध्यांचीही सुटका झाली असावी. सगळ्या बायकांना असं होत नाही, पण पुष्कळजणींना होतं.”

कवळीताई आनंदानं बोटं उघडमीट करत होती. सासऱ्यांनी मात्र हाताची घडी घातली.

“वडलांकडचं म्हणजे आमच्याकडचं,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे माझ्या नातवंडात आम्ही परके.”

“शरीराच्या हिशेबानं, हो.”

“बाबा, ते शास्त्रातलं आहे,” नवरा मध्ये पडला.

“तू बोलूच नकोस. तुझं निम्मं आहे ते, आणि तुला काही वाटत नाही?”

सासऱ्यांचंही समजून घ्यायला हवं. त्यांची एकतीस वर्षं जन्मनोंदणीच्या कचेरीत गेली होती. हजारो बाळांच्या नावापुढे त्यांनी वळणदार अक्षरात वडलांचं नाव लिहिलं होतं, आणि त्या रकान्याला कुणी परका म्हणेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते रुग्णालयाच्या तक्रार खिडकीवर हजर झाले.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात चारच प्रकार होते: अस्वच्छता, उद्धट वर्तन, विलंब आणि इतर. ‘इतर’पुढे एक ओळ मोकळी होती. सासऱ्यांनी तिथे ‘सोबत जोडले आहे’ असं लिहून चार पानं जोडली. तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात त्यांनी आधी डॉक्टरांचं नाव लिहिलं, मग खोडलं. माणूस न्यायाचा होता. डॉक्टरांनी तर फक्त बातमी सांगितली. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, ‘सूनबाईंची रोगप्रतिकारशक्ती’.

“पत्ता राहिला,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी स्वतःच्याच घराचा पत्ता घातला.

त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणं सोडलं. बोलायचं ते बायकोमार्फत. “सूनबाईंना सांग, माझा राग त्यांच्यावर नाही. त्यांच्या पेशींवर आहे.” सासूबाई समोरच बसलेल्या सुनेला सांगत, “ते म्हणतायत, राग पेशींवर आहे.” कवळीताई म्हणे, “पेशींना कळवते.” नवरा बिचारा अर्धा दिवस दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टांतून माणसं सोडवायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः अडकायचा.

दवाखान्यात वेगळाच तमाशा चालला होता. कवळीताईचे हात बाळंतपणापर्यंत चांगले आहेत ही तिनं विश्वासानं सांगितलेली बातमी मालकांनीच फोडली, आणि तमाम म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कवळीसाठी रांग लावली. मालकांनी भिंतीवर कॅलेंडर टांगलं आणि बाळंतपणाच्या तारखेभोवती लाल गोल काढला. रोज सकाळी ते गोलाकडे बघत आणि उसासा टाकत.

“दहाव्या महिन्यापर्यंत नाही का लांबवता येणार?” एकदा त्यांनी हळूच विचारलं.

“मालक, ते काय माझ्या हातात आहे?”

“हातातच तर आहे सगळं,” मालक तिच्या बोटांकडे बघत कळवळून म्हणाले.

पण कवळीताईला त्या गर्दीचा त्रास वाटत नव्हता. पोट टेबलाला टेकायला लागलं तशी तिनं खुर्ची तिरकी करून घेतली आणि काम करत राहिली. चार वर्षांत बोटांना जे जमलं नव्हतं ते जमत होतं. समोरच्या दोन दातांमध्ये एक केसभर फट ठेवावी, एखादा दात किंचित कलता बसवावा, हिरडीवर खऱ्यासारखे बारीक ठिपके उठवावेत. एका आजींनी नवी कवळी लावून आरशात पाहिलं आणि “ही तर मीच!” म्हणून त्या रडायलाच लागल्या. कवळीताईनं त्यांना पाणी दिलं, आणि कपाचा कान धरायला आपली दोन बोटं पुरली, हे बघून ती मनातल्या मनात खूश झाली.

आणि म्हणूनच तिला सासऱ्यांच्या कवळीचं जास्त लागून राहिलं. ती कवळी तिनंच दोन वर्षांपूर्वी बनवली होती, हात सगळ्यात वाईट होते त्या दिवसांत. ‘च’ म्हटलं की वाजायची. हसलं की खालची सुटायची, म्हणून सासऱ्यांनी हसणंच बंद केलं होतं. लोकांना वाटायचं, माणूस मुळातच तिरसट. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण तिला रोज जेवताना ऐकू यायचंच ना!

“आई, त्यांना सांगा, उद्या अकराला माप द्यायला यायचंय,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण दिलेली वेळ ही त्यांच्या लेखी दिलेली वेळ होती. दुसऱ्या दिवशी बरोब्बर अकराला ते तिच्या टेबलापाशी उभे होते. माप खरं तर मालकांनी घ्यायचं. पण मालक कॅलेंडरच्या काळजीत होते, म्हणाले, तूच घे.

तिनं गुलाबी लगदा कालवला, साच्यात भरला आणि सासऱ्यांच्या तोंडात बसवला.

“आता पाच मिनिटं बोलायचं नाही, बाबा. हललात तर सगळं परत.”

“अं,” सासरे म्हणाले.

साचा दोन बोटांनी धरून ती त्यांच्या डोक्याशी उभी राहिली. सहा महिन्यांचं पोट त्यांच्या खांद्याला लागत होतं. आपण किती दिवसांनी यांच्याशी थेट बोलतोय, तिच्या मनात आलं.

“तुम्ही बोलत नाही, म्हणून मीच बोलते. या पेशी वाईट नाहीत हो. झोपल्यातसुद्धा नाहीत. परवा मला सर्दी झाली, ती त्यांनीच घालवली. पण बाळाच्या आसपास त्यांच्यातल्याच काही बाकीच्यांना आवरतात. थांबा, म्हणतात, जरा दमानं घ्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाची वार जिथे रुजते तिथे काही पेशी चक्क रक्ताच्या नळ्या रुंद करायला मदत करतात. म्हणजे तुमच्याकडचं जे आलंय, त्याच्यासाठी रस्ता करतायत.”

“म्म्,” सासरे म्हणाले. लाळ ओघळली, ती तिनं टिपली.

“आणि अजून एक. बाळ झालं की दोन-तीन महिन्यांत माझं दुखणं बहुतेक परत येणार. बाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय. बाहेर मालकांनी डंका पिटला, पण घरात मी कुणाला बोलले नाहीये. म्हणून तुमचे दात आत्ताच करून ठेवते. नंतर मला असे जमायचे नाहीत.”

सासऱ्यांनी डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे उघड होतं, घसा हलत होता, पण लगद्याला अजून दोन मिनिटं होती. ती दोन मिनिटं दोघंही भिंतीवरच्या लाल गोलाकडे बघत राहिले. साचा निघाला तेव्हा त्यांनी तोंड धुतलं, रुमालानं पुसलं आणि म्हणाले, “मी तक्रार मागे घेतो.”

पण तक्रार मागे घेणं तक्रार करण्याइतकं सोपं नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी नियम काढून दाखवला: दाखल झालेली तक्रार सुनावणीशिवाय मागे घेता येत नाही, आणि सुनावणीला ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हजर राहावं लागतं. त्यामुळे कवळीताईच्या रोगप्रतिकारशक्तीच्या नावानं रीतसर बोलावणं घरी आलं. पोस्टमननं विचारलं, “या बाई इथे राहतात?” सासूबाईंनी सही करून घेतलं.

सुनावणीला कवळीताईला आठवा महिना लागला होता. सासऱ्यांच्या तोंडात नवी कवळी होती, आणि ‘च’ आता मुकाट निघत होता. समितीत तिघं होते: अध्यक्ष म्हणून रुग्णालयाच्या प्रशासक बाई, एक भांडारप्रमुख, आणि विषयात ‘परका’ असा शब्द आहे म्हणून मुद्दाम बोलावलेले सुरक्षाप्रमुख. डॉक्टरबाई साक्षीदार. मिटिंगच्या टिपणासाठी एक कारकून.

“जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती हजर आहे का?” प्रशासक बाईंनी विचारलं.

“पूर्ण आणलीये,” कवळीताई म्हणाली आणि दोन खुर्च्यांवर मिळून टेकली.

सुरक्षाप्रमुखांना या प्रकरणात भलताच रस निर्माण झाला. “डॉक्टर, परका माणूस नऊ महिने आत राहतो, आणि या पेशी काय करतात? पास तपासत नाहीत?”

“तपासतात. पण वारेच्या पेशी आपली ओळख फार मोजकी दाखवतात. हल्ला करावा असं त्यात काही नसतं.”

“म्हणजे अर्धवट ओळखपत्र!” सुरक्षाप्रमुख खुर्चीत पुढे सरकले. “आणि तुम्ही म्हणता काहीजण बांधकामाला हात लावतात?”

“हो. रक्तवाहिन्या रुंद करायला.”

“राखणदार? बांधकाम?” त्यांनी घाम पुसला. “टिपणातून हे काढा. आमच्या माणसांना कळलं तर मला त्यांना तोंड दाखवता यायचं नाही.”

भांडारप्रमुखांनी विचारलं, की परक्या निम्म्यासाठी भांडारातून काही सामान गेलंय का. नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले ते शेवटपर्यंत.

मग सासरे उठले. तक्रार मागे घेत आहे, ‘परका’ या शब्दाऐवजी ‘पाहुणा’ असा शब्द वापरला जावा एवढीच विनंती, असं ते म्हणाले. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

“पाहुणा कशाला? परकाच म्हणा. मी या घरात आले तेव्हा मला तुमच्या आईनं वर्षभर ‘तिला सांग’ म्हणूनच हाक मारली. कपाटाची किल्ली मिळायला तीन वर्षं गेली. तेव्हा नाही कुणी तक्रार खिडकीवर गेलं ते!”

कारकुनानं विचारलं, “हे लिहून घ्यायचं का?”

“घ्या,” सासूबाई म्हणाल्या. “तीन वर्षं, असं आकड्यात लिहा.”

सासरे खाली बसले. डॉक्टरबाईंना त्यांची दया आली असावी. त्या म्हणाल्या, “आजोबा, परकं असण्यात कमीपणा नाही. एका जुन्या अभ्यासात तर असं दिसलं होतं, की वडलांकडचं निम्मं आईपेक्षा जितकं वेगळं, तितका सांध्यांना आराम पडण्याची शक्यता जास्त. अजून पक्कं म्हणता येत नाही, पण तसं दिसलं होतं.”

सासऱ्यांनी मान वर केली. “जितकं वेगळं तितका आराम?”

“तसं दिसलं होतं.”

“आणि हिला आराम तर खूपच पडला.”

“खूपच.”

“म्हणजे आम्ही चांगलेच परके आहोत!” सासरे ताडकन उभे राहिले. “अध्यक्षबाई, मी माझी विनंती मागे घेतो. पाहुणा नको. आम्ही संपूर्ण परके आहोत, तसं लेखी हवं.”

आता तोंडी केलेली विनंती मागे घ्यायला नवा फॉर्म लागतो का, यावर पाऊण तास चर्चा झाली. कवळीताईचे पाय सुजले होते, पाठ भरून आली होती, आणि आतलं बाळ सगळ्यांना लाथा घालत होतं. शेवटी तिनं सांगितलं, की मला आत्ता घरी जायचंय, नाहीतर उरलेली सुनावणी प्रसूतिगृहात घ्यावी लागेल. त्याबरोबर ठराव झाला. ‘तक्रारदार व त्यांचे घराणे पुरेसे परके असल्याचे समितीस मान्य आहे.’ खाली तीन सह्या आणि शिक्का. परत जाताना सासरे त्या कागदाला घडी पडू नये म्हणून तो छातीशी उभा धरून चालत होते आणि हसत होते. रस्त्यातले ओळखीचे लोक थांबून बघत होते, कारण त्यांचे दात गेल्या दोन वर्षांत कुणी पाहिलेच नव्हते.

मुलगी झाली भर दुपारी, लाल गोलाच्या दोन दिवस आधी. मालकांनी कॅलेंडर उतरवलं. त्या पाच-सहा महिन्यांत कवळीताईनं जेवढं चांगलं काम केलं तेवढं आधी कधी केलं नव्हतं, हे त्यांनी स्वतः मिठाईचा डबा घेऊन येऊन कबूल केलं, आणि खुर्चीचं नाव काढलं नाही.

दहाव्या आठवड्यात दुखणं परत आलं. मंगळवार होता. मुलीच्या झबल्याचे बंद बांधायला घेतले आणि बोटं वळेनात. कवळीताईला आधीपासून माहीत होतं, तरी ती पलंगाच्या कडेवर बसून हमसून हमसून रडली. माहीत असल्यानं काही कमी होतं असं नाही. नवऱ्यानं बंद बांधले, उलटे बांधले, सासूबाईंनी सोडून सुलटे बांधले, आणि सगळे मिळून पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेले.

“अंगावर पाजताना चालेल असं औषध आहे,” बाई म्हणाल्या. “आज सुरू करू. जरा वेळ लागेल, पण आवाक्यात येईल.”

मग तपासता तपासता त्यांनी सहज सांगितलं, की बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिथे पुढे वर्षानुवर्षं राहू शकतात. त्या तिथे काय करतात, मदत की त्रास, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही.

सासरे हे ऐकून गंभीर झाले. घरी आल्यावर ते कवळीताईच्या खोलीच्या दारात घुटमळले, मग आत येऊन खुर्ची ओढून बसले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “आमच्याकडचं कुणी आत राहिलं असेल, आणि तेच तुला त्रास देत असेल, तर स्पष्ट सांग. संकोच करू नकोस. मी त्यांच्या वतीनं माफी मागतो.”

तिला हसू आवरेना. हसताना मांडीवरची मुलगी हिंदकळली आणि जागी झाली. “असू दे बाबा,” ती म्हणाली. “राहू दे त्यांना. आता कुठे जातील?”

“तरीपण,” सासरे म्हणाले, आणि तिच्या हातातून मुलीला अलगद उचलून घेतलं.

औषधानं गुण यायला तीन महिने लागले. हात त्या दिवसांसारखे काही झाले नाहीत, पण सकाळी अकरानंतर सुरी धरता येऊ लागली, आणि कवळीताई अर्धा दिवस कामावर जायला लागली. सातव्या महिन्यात मुलगी सारखी लाळ गाळायला लागली, तेव्हा तिनं बोट घालून हिरडी चाचपली. खाली डावीकडे काहीतरी टोचलं. तेवढ्यात मुलीनं तिच्या सुजऱ्या पेरावर कडकडून चावा घेतला. कवळीताई एवढ्यानं किंचाळली की तिन्ही माणसं धावत आली.

“दात आलाय!” ती बोट झटकत म्हणाली. “जरासा तिरका आहे.”